दीड हाताचं अंतर

मास्तरांचा हात थरथरतो, असं कुणी त्यांच्या दुकानात येऊन सांगितलं असतं, तर गिऱ्हाइकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. वयाच्या सोळाव्या वर्षापासून ते कापड बेतत होते आणि आता सत्तावन्न पुरी झाली होती. लांब टेबलावर कापड पसरायचं, तळव्यानं सुरकुत्या सारायच्या, खडूनं रेघ मारायची आणि मग ती जड काळी कात्री अशी चालवायची की कापड कापलं जातंय की आपणहून बाजूला होतंय ते कळू नये. सुटाचं महागडं कापड असो की शाळेच्या गणवेशाचं, एकदा लागलेली कात्री मध्ये थांबायची नाही. दुकानात तीन मशिनी होत्या, शिवणारे दोन कारागीर होते, पण बेतायचं काम मास्तरांनी कधी कुणाला दिलं नाही.

तरीही त्यांचा हात थरथरायचा. एकाच ठिकाणी, आणि तोही दीड हाताच्या अंतरावरून.

ते ठिकाण म्हणजे शहराच्या टोकाला असलेलं नऊ होलचं गोल्फचं मैदान. गोल्फ म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं तसं तिथे काही नव्हतं. नगरपालिकेची जागा, पत्र्याची एक शेड, गंजलेली कपाटं, चहाचं मशीन आणि त्याच्यावर कायमची चिकटवलेली ‘बिघडले आहे’ अशी चिठ्ठी. तिथे मास्तरांना नेलं ते चीफनी. चीफ म्हणजे जहाजावरचे निवृत्त मुख्य इंजिनिअर. त्यांना खरं नाव होतं, पण ते त्यांच्या बायकोखेरीज कुणी वापरत नसे. अकरा वर्षांपूर्वी ते एक पँट घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, “मास्तर, खरं सांगा. माझी कंबर वाढली की पँट आटली?”

“पँट आटली साहेब,” मास्तर म्हणाले. धंद्यात या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं.

चीफ खूश झाले. पँट न्यायला आले तेव्हा म्हणाले, “सोमवारी दुकान बंद असतं ना? चला माझ्याबरोबर. आयुष्यभर वाकून उभे आहात, एक दिवस वाकून मोकळ्या हवेत उभे राहा.”

मास्तर नाही म्हणायला संकोचले म्हणून गेले. चीफनी हातात काठी दिली, कसं उभं राहायचं ते दाखवलं, आणि मास्तरांनी मारलेला पहिलाच चेंडू सरळ, उंच आणि इतका लांब गेला की तो मारला आपणच, यावर त्यांचा विश्वास बसेना. दुसरा तीन पावलांवर पडला, तिसरा झुडपात. पण तो पहिला डोक्यातून जाईना. तेव्हापासून अकरा वर्षांत फार थोडे सोमवार चुकले.

घरी मास्तर आणि त्यांची थोरली बहीण, अशी दोनच माणसं. दोघंही बिनलग्नाची. ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हापासून ताईनंच त्यांना वाढवलेलं, शिंप्याकडे कामाला लावलेलं, आणि अजूनही सकाळी दुकानाला निघताना ती त्यांची कॉलर नीट आहे का बघायची. स्वतः तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं काढली आणि शेवटी सगळ्या ऑपरेटर बायकांची वरिष्ठ म्हणून निवृत्त झाली. स्वच्छ, खणखणीत आवाज. भाजी घ्यायला गेली तरी दुकानदार पाठ ताठ करायचा.

गोल्फबद्दल तिचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. “चेंडू आपणच लांब मारायचा, मग आपणच शोधायला जायचं. मारलाच नाही तर काय बिघडतं?”

“व्यायाम होतो गं.”

“मग नुसता शोधून ये.”

पण सोमवारी डबा तीच भरून द्यायची.

खेळ मास्तरांचा चांगला झाला होता. लांबच्या टोल्याला जोर फारसा नसे, पण दिशा चुकत नसे. खेळात जो कमीत कमी टोल्यांत नऊ होल पुरे करील तो जिंकतो, आणि मैदानाचा वर्षातून एकदा सामना व्हायचा. पाच वर्षांपूर्वीच्या सामन्यात मास्तर सगळ्यांच्या पुढे होते. नवव्या होलपाशी चेंडू अगदी बारीक कापलेल्या गवतावर, भोकापासून दीड हातावर येऊन थांबला. आता नुसतं हलकेच ढकलायचं. त्या एका टोल्यात संपलं असतं तर ते दोन टोल्यांनी जिंकले असते. आजूबाजूला तीस-पस्तीस लोक जमले होते. टाळ्या वाजवायला हात आधीच वर आलेले.

मास्तर वाकले. मनात आलं, हा चुकला तर? आणि मनगटात काहीतरी झटका बसला, जणू कुणी कोपराला धक्का दिला. चेंडू भोकाच्या कडेनं पलीकडे गेला. “अरेरे!” असा एकच आवाज झाला. पलीकडून मारलेला परत अलीकडे आला. मग तो पुन्हा पलीकडे. चौथ्या वेळी गेला. दोन टोल्यांनी जिंकायचे ते एकानं हरले. कप पावाच्या बेकरीवाल्याला मिळाला. अंगानं आडवा, मनानं मोकळा माणूस. त्यानं मास्तरांच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, “मास्तर, तुमच्यामुळे मिळाला हो!” त्याला तसं म्हणायचं नव्हतं, पण शब्द निघून गेले. लोक हसले. मास्तरही हसले, आणि घरी येताना एक बसथांबा पुढे जाऊन उतरले.

तेव्हापासून तो झटका मनगटात मुक्कामालाच आला. सरावात, एकटे असताना, दीड हातावरून पन्नासपैकी पन्नास चेंडू जायचे. पण चार माणसं बघत असली की झटका. मास्तरांनी नाना उपाय केले. काठी बदलली. हात उलटे धरून पाहिले. श्वास मोजून पाहिला. कुणीतरी एक ध्वनिफीत दिली, तीत एक मधाळ आवाज सांगायचा की तुम्ही एक शांत सरोवर आहात. मास्तर सरोवर व्हायचा प्रयत्न करता करता खुर्चीत झोपून जायचे. एक गिऱ्हाईक म्हणालं, “मास्तर, कापड बेतताय असं समजा की!” ते करून पाहिलं, तर पुढचे दोन दिवस कापड बेतताना हात जपून चालायला लागला. मास्तर घाबरले आणि ते त्यांनी ताबडतोब सोडलं. चीफ म्हणायचे, “डोक्यात काही आणायचंच नाही.” पण डोक्यात काही आणू नको म्हटलं की अख्खी गल्ली तिथे येऊन बसते, हे चीफना कोण सांगणार?

सगळ्यात वाईट होती ती माणुसकी. चेंडू भोकाजवळ आला की बरोबरचे लोक घाईघाईनं म्हणायचे, “राहू द्या मास्तर, गेलाच समजा.” आणि चेंडू उचलून हातात द्यायचे. पुढची दोन वर्षं मास्तर सामन्यात उतरले, दोन्ही वेळा झटक्यानंच घात केला. मग “कंबर धरते हल्ली” असं सांगून त्यांनी नाव देणं बंद केलं.

असं चाललं असताना थंडीतल्या एका सकाळी ताई पावाला लोणी लावत होती. सुरी खाली पडली. मास्तर वर्तमानपत्रातून न बघताच म्हणाले, “राहू दे, मी उचलतो.” ताई काहीतरी बोलली. ते शब्द नव्हते. मास्तरांनी मान वर केली तर तिच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती, आणि ती स्वतःच्या उजव्या हाताकडे असं बघत होती जसं कुणीतरी आपला हात टेबलावर विसरून गेलंय.

इस्पितळात तीन आठवडे गेले. जीव वाचला, पाय बराचसा परत आला, काठी घेऊन चालता यायला लागलं. पण उजवा हात मांडीवर पडून राहायचा, आणि बोलणं जाड, ओलसर, एकेक शब्द ढकलत बाहेर यायचं. हाताचं ताईनं सोसलं असतं. आवाजाचं तिला सोसवेना. दाराशी कुणी भेटायला आलं की ती डोळे मिटून झोपल्याचं नाटक करायची. फोन वाजला की मान फिरवायची.

मग आठवड्यातून दोनदा घरी एक बाई यायला लागल्या. वयानं तरुण, फिजिओथेरपी शिकलेल्या, केस घट्ट बांधलेल्या, हसायला कंजूस. मास्तर त्यांना फिजिओबाई म्हणायचे. त्यांनी हात हलवून घेतला, बोटं ताणली, आणि पहिल्याच दिवशी एक चमत्कारिक काम दिलं.

टेबलावर रिकामा कप ठेवला. म्हणाल्या, “आजी, हा उजव्या हातानं उचलून ओठांपर्यंत न्यायचा.”

ताईनं हाताकडे बघितलं, मग बाईंकडे. “हा... हलत... नाही.”

“माहीत आहे. हलवायचा नाही. डोळे मिटा आणि मनात न्या. पण एकेक गोष्ट क्रमानं. आधी खांदा कसा पुढे जातो. मग कोपर. कपाचा कान बोटांना गार लागतो का, केवढा जड आहे, उचलताना मनगट कुठं वळतं. खऱ्या हाताला जेवढा वेळ लागेल तेवढाच वेळ मनात लागला पाहिजे. मेंदूला वाट पुन्हा दाखवायचीय. रोज दोनदा दहा मिनिटं, आणि त्यानंतर खरा प्रयत्न.”

ताईनं तोंड वाकडं केलं. “हात... गेलाय. डोकं... नाही.”

“डोकं आहे म्हणूनच देतेय हे काम,” बाई म्हणाल्या. जाताना दाराशी मास्तरांच्या हातात कागद दिला. “तुम्ही वाचून दाखवा, सावकाश. आणि त्यांनी घाई केली तर थांबवा. घाईनं केलं की ते मनात करणं होत नाही. ती नुसती इच्छा होते.”

ही शेवटची ओळ मास्तरांना तेव्हा फारशी कळली नाही.

दुकान उघडायच्या आधी आणि बंद केल्यावर ते ताईसमोर बसायला लागले. कागद धरून वाचायचे: “खांदा पुढे. कोपर टेबलावरून उचललं. बोटं उघडली.” पहिले दोन आठवडे ताई तिसऱ्या ओळीलाच डोळे उघडायची. “झालं.”

“इतक्यात?”

“प्यायले.”

“चहा गार व्हायला लागतो तेवढा तरी वेळ लाव की.”

एकदा तिला हसू आलं, आणि वाकड्या तोंडानं आलेलं ते हसू बघून मास्तरांना उठून आत जावं लागलं.

पण ताई मूळची शिस्तीची. एकदा मनावर घेतल्यावर तिनं घड्याळ समोर ठेवून घ्यायला सुरुवात केली. सातव्या आठवड्यात, कागद वाचून झाल्यावर, तिची तर्जनी कपाच्या कानाला लागली आणि कप बशीत किंचित वाजला. मास्तरांनी कागद खाली ठेवला. मग ताई म्हणाली, “पुन्हा... वाच.”

त्याच सुमारास एका सोमवारी मास्तर मैदानावरून परत आले ते उतरल्या चेहऱ्यानं. चीफबरोबर नेहमीसारखे खेळले होते, पण शेडमधून तीन-चार जण बघत होते आणि पुन्हा “राहू द्या मास्तर” झालं होतं. ताईला त्यांनी काही सांगितलं नाही. पण जी बाई पस्तीस वर्षं नुसत्या आवाजावरून माणसं ओळखत होती, तिच्यापासून काय लपणार?

“तू... काय बघतोस?” तिनं विचारलं.

“कुठे?”

“चेंडू ढकलताना. डोक्यात... काय दिसतं?”

मास्तर ‘काही नाही’ म्हणणार होते. पण ती समोर हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि दोन महिने रोज ते तिला डोळे मिटून मनात बघायला सांगत आले होते. म्हणून त्यांनी खरोखर आठवून पाहिलं.

“चेंडू दिसतच नाही,” ते सावकाश म्हणाले. “बेकरीवाला दिसतो. त्याचं हसणं. मग चेंडू कडेनं जाताना दिसतो. अगदी कुठल्या कडेनं ते दिसतं. तो ‘अरेरे’ ऐकू येतो.”

“कधी... दिसतं?”

“मारायच्या आधी. आणि... झोपताना पण. रोजच म्हण ना.”

“किती... वर्षं?”

“पाच.”

ताईनं डावा हात वर केला, आता बोलणार आहे, मध्ये बोलू नको, अशा अर्थानं. शब्द जुळवायला तिला वेळ लागला.

“म्हणजे तू... रोज... सराव करतोस. चुकायचा. पाच वर्षं. माझ्यापेक्षा... जास्त नेमानं.”

मास्तरांना आपल्या दोषाबद्दल पुष्कळ लोकांनी पुष्कळ सांगितलं होतं, पण या दोषामागे आपली इतकी मेहनत आहे, हे कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दहा मिनिटं तिची आणि दहा मिनिटं त्यांची. आता ताई विचारायची आणि मास्तर डोळे मिटून सांगायचे. त्रोटक उत्तर दिलं की ती पकडायची.

“पायात... काय?”

“बूट.”

“कुठले?”

“तपकिरी. डाव्याची नाडी सैल.”

“गवत... कसं?”

“हिरवं.”

“हट्.”

हिरवं म्हणजे काही सांगितलं नाही, हे मास्तरांनाही पटलं. गंमत म्हणजे अकरा वर्षं खेळून त्यांना ते गवत नीटसं माहीतच नव्हतं. पुढच्या सोमवारी त्यांनी चेंडू कमी मारले आणि हिरवळीवर उकिडवं बसून बघत राहिले. गवत एका बाजूला निजलेलं असतं. मखमलीची लव जशी एका बाजूला झुकलेली असते तसं. नवव्या होलची कड डावीकडे किंचित झिजलेली आहे. चेंडू आत पडतो तेव्हा आधी एक कोरडा आवाज येतो, मग एक लहान. चीफनी लांबून विचारलं, “मास्तर, काही हरवलं का?”

“हो,” मास्तर म्हणाले, “सापडतंय.”

घरी येऊन त्यांनी हे सगळं ताईला सांगितलं. तिनं पुढचा हुकूम दिला: “आता... लोक आण.”

“लोक कशाला? तेच तर नकोत.”

“हाकलू नकोस. असू दे. आमच्या... लाइनवर... खरखर असायचीच. बोलणं... व्हायचंच.”

मग मास्तर डोळे मिटून शेड आणायचे, शेडसमोरचे लोक आणायचे, बेकरीवाल्याला त्याच्या पोटासकट आणून उभा करायचे, आणि त्याच्यासमोर वाकायचे. पहिले काही दिवस मनातसुद्धा चेंडू जाईना. बसल्या जागी मनगटात झटका यायचा, मांडीवर ठेवलेला हात उडायचा. मास्तर डोळे उघडून म्हणाले, “बघ. मनात पण चुकतो मी.”

हे त्यांनी फिजिओबाईंसमोर बोलून दाखवलं, तेव्हा त्या बॅग बंद करता करता थांबल्या. “यांच्याही मनात कप सांडायचा सुरुवातीला. सांडू दे म्हटलं. पण सांडल्यावर पुढे काय करता, तेही मनात करा. कप सरळ करायचा, पुसायचं, हात मागे घ्यायचा, परत सुरू. तुमचं चित्र चुकल्यावर कुठं थांबतं?”

“चुकल्यावरच.”

“पुढे जात नाही?”

मास्तरांनी विचार केला. खरंच, पाच वर्षं ते चित्र त्या ‘अरेरे’वर येऊन थांबत होतं. पुढे काही नव्हतंच.

“पुढे काय असणार? संपलं.”

“संपत... नाही,” ताई म्हणाली. “तू... घरी येतोस. मी... असते. चहा... होतो. सकाळी... दुकान उघडतोस.”

तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की फिजिओबाईसुद्धा बॅगेची चेन लावायची विसरल्या. मास्तरांच्या मनात आलं, या थंडीत त्या घरी येण्यातली ‘मी असते’ ही गोष्ट जवळजवळ गेलीच होती, आणि आपण बापडे गवतावरच्या चेंडूला ‘संपलं’ म्हणत होतो.

त्या दिवसापासून त्यांच्या मनातला चेंडू चुकला, तरी चित्र चालू राहायला लागलं. चुकला. कंबर सरळ केली. काठी डाव्या हातात घेतली. दोन पावलं चाललो. दुसरा टोला. मग पुढचा होल. कधी कधी मास्तर चित्रात थेट घरापर्यंत यायचे आणि बूट काढायचे. आणि हळूहळू, कधी ते त्यांनाही कळलं नाही, मनातला झटका कमी होत गेला.

उन्हाळा सुरू होता होता सामना आला. मास्तरांनी नाव दिलं. चीफनी यादी वाचली आणि विचारलं, “कंबर?”

“कंबर बरी आहे,” मास्तर म्हणाले. “कंबर कधीच दुखत नव्हती चीफ.”

“ते मला माहीत होतं हो,” चीफ म्हणाले. “आटलेली पँट तुमच्याकडून सैल करून घेतलेला माणूस आहे मी.”

सामन्याच्या दिवशी शेजारच्या काकू ताईपाशी येऊन बसल्या. मास्तर लवकर पोचले. चेंडू मारण्याऐवजी शेडमागच्या बाकावर बसून डोळे मिटले आणि नऊच्या नऊ होल मनात चालून आले, जेवढा वेळ लागायचा तेवढा लागू दिला. कुणीतरी म्हणालं, मास्तर झोपले वाटतं. त्यांनी ते ऐकलं आणि त्यालाही मनातल्या लोकांत उभं केलं.

पहिले तीन होल बरे गेले. चौथ्याला चेंडू भोकापासून एक हातावर आला. दीडसुद्धा नाही, एक. मास्तर वाकले आणि झटका आला. अगदी पूर्वीसारखा, कोपराला धक्का दिल्यासारखा. चेंडू कडेला आपटून बाहेर. “अरेरे!”

मास्तर थांबले. छातीत धडधड होती, कान तापले होते. हे काही मनातल्या सरावानं पुसलं गेलं नव्हतं. पण पुढे काय करायचं हे पायांना माहीत होतं. त्यांनी कंबर सरळ केली. काठी डाव्या हातात घेतली. दोन पावलं चालले. बरोबरचा माणूस म्हणाला, “राहू द्या मास्तर, गेलाच—”

“नाही,” मास्तर म्हणाले, “मारतो.”

मारला. गेला. ते पाचव्या होलकडे चालायला लागले, आणि अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं की आपण समोरच्या झाडांकडे बघत चाललोय, जमिनीकडे नाही.

नवव्याला पोचेपर्यंत कप जिंकण्याशी त्यांचा काही संबंध उरला नव्हता. बेकरीवाला कधीच संपवून गेला होता आणि शेडमध्ये सँडविच खात होता. बहुतेक लोक त्याच्याभोवती होते. मास्तरांचा चेंडू भोकापासून दीड हाताहून थोडा जास्तच लांब थांबला. बघायला चीफ होते, बरोबरचा खेळाडू होता, आणि दोन-चार रेंगाळलेले.

मास्तर वाकले. मनगटात ओळखीची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी काठी उचलली, मागे सरले, पुन्हा उभे राहिले. गवत त्यांच्याकडून भोकाकडे निजलेलं होतं. डावी कड झिजलेली. डाव्या बुटाची नाडी सैल. शेडमध्ये कुणीतरी मोठ्यानं हसलं, ते ऐकू आलं आणि खरखरीसारखं बाजूला राहिलं. त्यांनी चेंडू ढकलला. हात अगदी स्थिर होता असं नाही. चेंडू भोकाच्या कडेवर जाऊन क्षणभर रेंगाळला, आणि पडला. आधी कोरडा आवाज, मग लहान.

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. त्या टोल्यानं काही ठरणारच नव्हतं. चीफनी मात्र खिशातून रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं आणि म्हणाले, “ही धूळ फार वाढलीय मैदानावर.”

मास्तरांचा नंबर सहावा आला.

घरी पोचले तर ताई दाराकडे तोंड करून बसली होती. मास्तर बूट काढता काढताच नवव्या होलचं सांगायला लागले. तिनं डावा हात वर केला.

“आधी... चुकलेला सांग.”

मग त्यांनी चौथ्याचं सांगितलं. धडधड, तापलेले कान, सरळ केलेली कंबर, झाडं. ताईनं डोळे मिटून सगळं ऐकलं, मध्ये दोनदा विचारलं, काठी कुठल्या हातात. शेवटी मान हलवली. “आता... नवव्याचं.”

पुढच्या वर्षी मास्तर दुसरे आले. त्याच्या पुढच्या वर्षी अकरावे. कप त्यांना मिळाला नाही, आणि मिळेल असं आता वाटतही नाही. झटका अजून येतो. महिन्या-दोन महिन्यांनी, न सांगता, जुन्या ओळखीच्या माणसासारखा. मास्तर त्याला येऊ देतात. “राहू द्या” म्हणणारे लोक मात्र थांबले, कारण मास्तर प्रत्येक चेंडू स्वतःच मारतात, एक वीत अंतर असलं तरी.

ताईचा हात अर्धा परत आला. ती कप धरते, सांडत नाही. पावाला लोणी अजून डाव्या हातानंच लावते आणि ते जाड लागतं, पण मास्तर तसंच खातात. बोलणं बरंच सुधारलं. घाई केली तर शब्द अडतात, म्हणून ती घाई करत नाही. एकदा मास्तरांनी तिला मैदानावर नेलं. बाकावर बसून तिनं तासभर सगळं पाहिलं आणि निकाल दिला, “मला वाटलं होतं त्यापेक्षाही निरर्थक आहे. पण जागा चांगली आहे.” त्यानंतर ती आणखी तीनदा आली.

फिजिओबाईंचं येणं कधीच थांबलंय. तो कागदही कुठेतरी गेला. तरी सकाळी दुकान उघडायच्या आधी दहा मिनिटं दोघं टेबलापाशी समोरासमोर बसतात, डोळे मिटून. आता कुणी कुणाला वाचून दाखवत नाही, कुणी काही विचारत नाही. मास्तर काय बघतात ते ताईला साधारण ठाऊक असतं. ती काय बघते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मग ती डोळे उघडते, त्यांची कॉलर बघते, आणि ते दुकानाला निघतात.